श्वानदंशाच्या लशीने शिकविलेले शास्त्र

पिसाळलेले कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही गोष्ट काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असे. बीदर शहरालगतचे मैलूर घ्या, भालकी-उदगीरकडचे एखादे खेडे घ्या, नाही तर कोकणातली एखादी वाडी घ्या. ‘चौदा इंजेक्शने’ हे दोन शब्द कानी पडताच ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राही. बीदरचा मुलूख तर खंडोबाचा. कानडीत ज्याला मैलार म्हणतात, त्या ह्या देवाचे भालकी तालुक्यातील खानापूर येथील ठाणे प्रसिद्ध आहे. आणि कुत्रा हा त्या देवाचा सोबती. ज्या प्राण्याला देवाच्या पायाशी जागा मिळाली, त्याच्याच दंशाने माणूस पाण्याला भिऊन तडफडत प्राण सोडतो, हे दुःख आपल्या खेड्यापाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

ह्या चौदा इंजेक्शनांचा इतिहास आज सांगावयाचा आहे. तथापि तो केवळ श्वानदंशाचा इतिहास नव्हे. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा मेंदूचा आणि मज्जारज्जूचा एक दीर्घकाळ रेंगाळणारा विकार आहे. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच ह्या विकारात शरीरावर उलटतात, हे ज्ञान विज्ञानाला ज्या वाटेने मिळाले, ती वाट ह्याच इंजेक्शनांतून गेली आहे. ती वाट कशी सापडली आणि तिची किंमत कोणी दिली, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

प्रथम ह्या विकाराची ओळख करून घेऊ. आपले मज्जातंतू विजेच्या तारांसारखे आहेत. तारेवर जसे रबराचे वेष्टण असते, तसे पुष्कळशा मज्जातंतूंवर मायलिन नावाच्या मेदयुक्त द्रव्याचे वेष्टण असते. वेष्टण शाबूत असेल तोवर मेंदूची आज्ञा हातापायांपर्यंत क्षणार्धात पोहोचते. ते झडले की संदेश रेंगाळतो, किंवा वाटेतच विरून जातो. मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या माणसाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत हे वेष्टण ठिकठिकाणी नष्ट होते आणि त्या जागी कठीण वण उरतात. ‘अनेक ठिकाणी आलेले काठिण्य’ हाच ह्या नावाचा अर्थ. ऐन तारुण्यात एखाद्या दिवशी एका डोळ्याची दृष्टी अंधुक होते. काही आठवड्यांनी ती बहुधा सुधारते. वर्ष-दोन वर्षांनी पाय लटपटू लागतात, लघवीवरचा ताबा सुटतो. तेही काहीसे बरे होते. असे झटके येत राहतात आणि प्रत्येक झटका जाताना मागे थोडेसे पंगुत्व ठेवून जातो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो.

पॅरिसमधील साल्पेत्रियेर रुग्णालयातील विख्यात वैद्य झाँ मार्तँ शार्को ह्यांनी १८६८ साली ह्या विकाराचे सुस्पष्ट वर्णन केले. मृत रुग्णांच्या मेंदूतील वण त्यांनी पाहिले आणि हयातीत त्या रुग्णांना झालेल्या त्रासाशी त्यांची सांगड घातली. घाव कोठे पडतो, हे शार्कोंनी दाखविले. तो कोण घालतो, हे मात्र त्यांना उमगले नाही. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ कोणी जंतूंवर संशय घेतला, कोणी विषावर, कोणी रक्ताभिसरणावर. खरा धागा सापडला तो अगदी वेगळ्या ठिकाणी, म्हणजे श्वानदंशाच्या दवाखान्यात.

पिसाळलेल्या कुत्र्याचे विष आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात त्याचे वर्णन आहे आणि दंश झालेल्या माणसाला पाण्याचे भय वाटू लागले की तो वाचत नाही, हे अरिष्टही तेथे सांगितले आहे. ह्या असाध्य रोगावर पहिला तोडगा काढला तो लुई पाश्चर ह्यांनी. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांच्या देखरेखीखाली पहिले इंजेक्शन देण्यात आले आणि तो मुलगा वाचला. लस कशाची होती? रोगाची बाधा करून मारलेल्या सशाच्या मज्जारज्जूची. तो मज्जारज्जू वाळविला की त्यातले विष क्षीण होते, असे पाश्चर ह्यांना आढळले होते. रोगाचे विष मेंदूत आणि मज्जारज्जूत वाढते, म्हणून लसही तेथूनच घ्यावयाची. त्या काळी दुसरा मार्गच नव्हता.

जगभर ह्या उपचाराचे स्वागत झाले. परंतु थोड्याच वर्षांत एक विलक्षण गोष्ट वैद्यांच्या नजरेस येऊ लागली. लस घेतलेल्यांपैकी काही थोड्या लोकांना, बहुधा उपचार सुरू झाल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत, ताप येई, डोके दुखे आणि पायांतील शक्ती जाई. काहींचे तोंड वाकडे होई, काहींची लघवी अडे. त्यांतले काही दगावत, काही बरे होत, काही कायमचे पंगू होत. हा श्वानदंशाचाच रोग असावा, असा पहिला संशय. परंतु कित्येकांना चावलेले कुत्रे पिसाळलेले नव्हतेच, असे मागाहून निष्पन्न होई. मग लशीतल्या सजीव विषाणूवर संशय गेला.

ह्या संशयाची कसोटी आपल्या देशात लागली. कसौलीच्या डोंगरावर १९०० साली पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिचे पहिले संचालक डेव्हिड सेम्पल हे ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकशाखेतील अधिकारी होते. उन्हाळ्याच्या देशात सशाच्या मज्जारज्जूचे रोज ताजे तुकडे पुरविणे किती जिकिरीचे, हे त्यांनी अनुभवले होते. म्हणून १९११ साली त्यांनी नवी रीत प्रसिद्ध केली. मेंढीच्या मेंदूला रोगाची बाधा करावयाची, तो मेंदू वाटून त्याचे पातळ मिश्रण करावयाचे, आणि कार्बोलिक आम्लाने त्यातला विषाणू ठार करावयाचा. ही लस टिकाऊ होती, स्वस्त होती आणि लांबवर पाठविता येत होती. पुढे मुंबईत परळ येथील हाफकीन संस्था, निलगिरीतील कुन्नूरची पाश्चर इन्स्टिट्यूट, हैदराबादची रोगप्रतिबंधक संस्था, बेळगावची लससंस्था अशा ठिकाणी मेंढीच्या मेंदूची लस तयार होऊ लागली आणि तालुक्यांच्या दवाखान्यांपर्यंत तिच्या बाटल्या पोहोचू लागल्या. बीदर आणि आजचे कलबुर्गी हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. ते पुढे म्हैसूर राज्यात गेले. राज्ये बदलली, लस बदलली नाही.

सेम्पल ह्यांच्या लशीने लक्षावधी माणसे वाचविली, हे निर्विवाद आहे. श्वानदंशाचा रोग एकदा जडला की मृत्यू जवळजवळ अटळ. त्यापुढे पक्षाघाताचा धोका पत्करणे शहाणपणाचेच होते. परंतु शास्त्राच्या दृष्टीने एक प्रश्न आता अधिकच तीव्र झाला. सेम्पल ह्यांच्या लशीतला विषाणू मेलेला होता. सजीव विषाणूच जर पक्षाघाताला कारण, तर ह्या लशीनंतर पक्षाघात व्हावयास नको होता. तो होतच राहिला. प्रमाण ठिकठिकाणी निरनिराळे सांगितले जाई. कोठे कित्येक हजारांत एक, तर कोठे काही शेकड्यांत एक. राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने एप्रिल १९२७ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या श्वानदंशविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत ह्या पक्षाघाताची गंभीर चर्चा झाली. त्यानंतर देशोदेशींच्या संस्थांचे आकडे एकत्र करून पडताळण्याचे काम ज्यांनी केले, ते ए. जी. मॅकेन्ड्रिक हे पूर्वी कसौलीतच काम केलेले गणिती वृत्तीचे डॉक्टर होते. त्यांच्या कोष्टकांत आपल्या देशातील रुग्णांचा वाटा फार मोठा होता.

मेलेल्या विषाणूवरचा संशय ओसरला की बाटलीत उरते काय? मेंढीचा मेंदू. शेकडा पाच भाग मेंदू असलेल्या मिश्रणाचे पाच घन सेंटिमीटर रोज, असे चौदा दिवस टोचले, तर साडेतीन ग्रॅम मेंदू माणसाच्या अंगात जातो. हा मेंदूच तर अपराधी नसेल?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टॉमस रिव्हर्स ह्यांनी हा प्रश्न सरळ माकडांना विचारला. रोगाचा लवलेशही नसलेल्या निरोगी सशांच्या मेंदूचे मिश्रण त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना महिनोन्‌महिने, पुनःपुन्हा टोचले. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या निबंधात आठांपैकी दोन माकडांना पक्षाघात झाल्याची नोंद आहे. १९३५ साली श्वेन्टकर ह्यांच्यासह केलेल्या दुसऱ्या प्रयोगात बहुतेक माकडे आजारी पडली. मेलेल्या माकडांच्या मेंदूत शिरांभोवती पांढऱ्या पेशींची दाटी झाली होती आणि तेवढ्याच भागात मज्जातंतूंचे मायलिन झडून गेले होते. विषाणू नाही, विष नाही, जंतू नाही. केवळ मेंदूच्या द्रव्याची ओळख झाल्याने शरीर आपल्याच मेंदूवर चालून गेले होते.

ह्यानंतर शोधाला वेग आला. १९४७ साली एल्विन केबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या मिश्रणात मृत क्षयजंतू आणि तेल घालून टोचले, तेव्हा महिनोन्‌महिने वाट पाहण्याची गरज उरली नाही; थोड्याच आठवड्यांत, थोड्याच इंजेक्शनांत माकडे आजारी पडू लागली. मात्र हल्ला करणारा कोण, हे अद्याप ठरावयाचे होते. शरीराच्या संरक्षणाची दोन साधने तेव्हा माहीत होती. रक्तद्रवात विरघळलेली प्रतिद्रव्ये हे एक, आणि लसिकाग्रंथीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी हे दुसरे. आजारी जनावराचा रक्तद्रव निरोगी जनावराला दिला, तर रोग जाईना. १९६० साली फिलिप पॅटर्सन ह्यांनी आजारी उंदरांच्या लसिकाग्रंथीतील जिवंत पेशी निरोगी उंदरांना दिल्या, आणि निरोगी उंदीर आजारी पडले. म्हणजे मेंदूची ओळख लक्षात ठेवून त्याच्यावर चालून जाणारे सैनिक ह्या पेशीच होत्या.

पुढच्याच वर्षी, १९६१ साली, जॅक मिलर ह्यांनी छातीतल्या थायमस ग्रंथीचे महत्त्व दाखवून दिले. तेथे घडणाऱ्या पेशींना टी पेशी हे नाव पुढे रूढ झाले. थायमस ही ह्या पेशींची शाळा आहे. परके कोण आणि आपले कोण, ह्याची परीक्षा तेथे होते. आपल्याच अंगावर उलटतील अशा पेशींपैकी बहुतेकींना तेथेच नाहीसे केले जाते. सर्वच पेशी मात्र ह्या चाळणीत अडकत नाहीत. निरोगी माणसाच्या रक्तातही मायलिनला ओळखणाऱ्या काही टी पेशी असतात. त्या एरवी निद्रिस्त असतात. मेंढीचा मेंदू वारंवार टोचल्याने ह्या निद्रिस्त पेशी जाग्या होत. १९८१ साली बेन-नून, वेकर्ले आणि कोहेन ह्यांनी मायलिनमधील एकाच प्रथिनाला ओळखणाऱ्या टी पेशींचा वंश प्रयोगशाळेत वाढविला. त्या पेशी निरोगी उंदरांना देताच त्यांना पक्षाघात झाला. आरोपीची ओळख आता पक्की झाली.

हे सारे जनावरांचे झाले. माणसाचे काय? त्याची साक्ष पुन्हा लशीनेच दिली. उचिमुरा आणि शिराकी ह्या जपानी शास्त्रज्ञांनी लशीनंतर दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूंची तपासणी १९५७ साली प्रसिद्ध केली. त्यांतील काही मेंदूंत मल्टिपल स्क्लेरोसिसशी साम्य असलेले वण त्यांना आढळले. १९८४ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील डॉक्टरांनी मेंढीच्या मेंदूच्या लशीनंतर मज्जासंस्थेचे विकार जडलेल्या रुग्णांची हकीगत मांडली. तोवर लस मारण्यासाठी कार्बोलिक आम्लाऐवजी दुसरे रसायन वापरात आले होते. परंतु मेंदू तोच होता, आणि धोकाही तोच. १९८७ साली थायलंडमधील हेमाचुधा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या शरीरात मायलिनच्या प्रथिनाविरुद्धच प्रतिक्रिया उठलेली असते, हे दाखवून दिले. रिव्हर्स ह्यांच्या माकडांत जे घडले, तेच आपल्या दवाखान्यांतील माणसांतही घडत होते.

लशीचा पक्षाघात आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे एकच, असे मात्र समजू नये. लशीचा घाव एकदाच पडतो; मल्टिपल स्क्लेरोसिसचे घाव वर्षानुवर्षे पडत राहतात. तेथे पेशींना जागे कोण करते, हा प्रश्न वेगळा आहे. त्यावर अलीकडे बराच प्रकाश पडला आहे. अमेरिकेच्या लष्करातील एक कोटीहून अधिक माणसांच्या नोंदींवरून २०२२ साली असे दिसून आले की, एपस्टाइन-बार नावाच्या एका सर्वसामान्य विषाणूची बाधा झाल्यावर ह्या विकाराचा संभव सुमारे बत्तीस पटींनी वाढतो. हा विषाणू बी पेशी नावाच्या दुसऱ्या संरक्षक पेशींत घर करून राहतो. तो बहुतेक सर्वांनाच गाठतो, पण विकार थोड्यांनाच होतो. म्हणजे आनुवंशिक घडण आणि इतर कारणे ह्यांचीही त्याला जोड लागते. आपल्या देशात हा विकार पाश्चात्त्य देशांच्या मानाने विरळा समजला जातो. तथापि मुंबईच्या पारशी समाजात तो इतर भारतीयांपेक्षा अधिक आढळतो, हे डॉ. एडी भरुचा, डॉ. नोशीर वाडिया प्रभृतींनी १९८८ ते १९९० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या पाहण्यांत दाखविले.

संरक्षक पेशींची ओळख पटल्यामुळे उपचारांचा मार्ग खुला झाला. रक्तातील पेशींना मेंदूत शिरावयाचे असेल, तर रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून आत उतरावे लागते. ती पकड सोडविणारे औषध २००४ साली अमेरिकेत मान्य झाले. पुढच्याच वर्षी ते मागे घ्यावे लागले, कारण पहारा थांबताच काही रुग्णांच्या मेंदूत एका विषाणूने धुमाकूळ घातला. २००६ साली ते कडक देखरेखीखाली परत आले. ज्या पेशी घात करतात त्याच पहाराही देतात, हे त्या एका वर्षाने शिकविले. २००८ साली बी पेशींना नाहीशा करणाऱ्या औषधाचा प्रयोग झाला, आणि रुग्णांना त्वरित गुण आला. प्रतिद्रव्ये फारशी न घटताही झटके कमी झाले; तेव्हा बी पेशींचे काम केवळ प्रतिद्रव्ये बनविण्याचे नसून टी पेशींना चिथावण्याचेही असते, हे ध्यानात आले. ह्या तत्त्वावरचे औषध २०१७ पासून वापरात आहे. त्याने झालेली हानी भरून येत नाही. पुढचे घाव मात्र पुष्कळ अंशी टळतात.

आता ह्या इतिहासाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. मेंदूचे द्रव्य टोचल्याने मेंदूवर घाला पडतो, हे १९३३ साली समजले. १९५५ साली चिलीमधील फ्युएन्झालिदा आणि पालासियोस ह्यांनी नवजात उंदरांच्या मेंदूपासून लस केली, कारण नवजात पिलाच्या मेंदूत मायलिन फारच थोडे असते. त्यानंतर मेंदूला अजिबात न शिवता, काचपात्रात वाढविलेल्या पेशींवर तयार केलेली लस आली. १९७६ साली इराणमधून वृत्त आले की, पिसाळलेल्या लांडग्यांनी व कुत्र्यांनी चावलेल्या ४५ जणांना ही लस देण्यात आली आणि सर्वच्या सर्व वाचले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात, जेथे शक्य असेल तेथे मेंदूच्या लशीचे उत्पादन कमी करावे किंवा सर्वस्वी सोडावे, ह्या धोरणाला पाठिंबा दिला. आपल्या देशात मेंढीच्या मेंदूची लस बंद झाली, ती डिसेंबर २००४ मध्ये.

रिव्हर्स ह्यांच्या पहिल्या निबंधानंतर एकाहत्तर वर्षांनी. नवी लस आपल्या बाजारात आल्यावरही ती महाग होती. ज्याच्या खिशात पैसा, त्याने ती विकत घेतली. ज्याच्या खिशात नव्हता, त्याने सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसून पोटात चौदा सुया टोचून घेतल्या. लशीचा धोका हा असा अखेरच्या वर्षांत गरिबाच्याच वाट्याला उरला. ह्यात डॉक्टरांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्या हाती जी बाटली होती, ती त्यांनी दिली, आणि तिने असंख्य प्राण वाचविले. परंतु एखादी गोष्ट समजणे आणि ती गावच्या दवाखान्यापर्यंत पोहोचणे, ह्यांत दोन पिढ्यांचे अंतर पडावे, हे कोणत्याही राष्ट्राला भूषणावह नाही.

आणखी एक गोष्ट. रिव्हर्स ह्यांची माकडे किती होती, हे ग्रंथांत नमूद आहे. कुत्रे चावले म्हणून दवाखान्यात चालत गेलेली आणि खाटेवरून घरी आलेली आपली माणसे कोण होती, हे कोठेही नमूद नाही. ती मॅकेन्ड्रिक ह्यांच्या कोष्टकांतल्या आकड्यांत मिसळून गेली. मल्टिपल स्क्लेरोसिसवरचे औषध आज एखाद्या रुग्णाला मिळते, तेव्हा त्याच्यामागे ह्या माणसांचे दुखणेही उभे असते.

चौदा इंजेक्शनांचे भय मात्र अजून लोकांच्या मनातून गेलेले नाही, आणि त्या भयाने आजही काही जण दवाखाना टाळून झाडपाल्याकडे व गंडेदोऱ्यांकडे वळतात. म्हणून हे स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. आजच्या लशीत कोणत्याही प्राण्याचा मेंदू नसतो. ती पोटात टोचली जात नाही. दंडाच्या स्नायूत किंवा त्वचेत, चार-पाच वेळा दिली जाते. कुत्रे चावताच जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखमेतून रक्त आले असेल, तर लशीबरोबर जखमेभोवती टोचावयाचे तयार प्रतिद्रव्यही मागून घ्यावे. घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी एवढे मुलांना सांगून ठेवावे.